भावकीतले दोन ताप

हातात रक्ताचा रिपोर्ट आहे, त्यावर एका आजाराऐवजी दोन आजारांची नावं आहेत आणि पोटात लेकरू आहे, अशी एखादी बाई हे वाचत असेल तर तिच्यासाठी मी लिहिते आहे. मी तशी बसले होते तेव्हा माझ्याआधी तिथं बसून गेलेली बाई मला हवी होती. तिनं फक्त एवढंच सांगायला हवं होतं की, यातून माणूस बाहेर येतं आणि वाट बघण्यालाही शेवट असतो. ती मला भेटली नाही.

मी मूळची लोहा तालुक्यातली. आई-वडील दुसऱ्याच्या शेतात कामाला जात. घरात दहावी होणारी मी पहिली आणि पदवी घेणारीही मीच पहिली. लोह्याच्या शाळेतल्या बाईंनी विज्ञानाची गोडी लावली. पुढे नांदेडला वसतिगृहात राहून बी. एस्सी., बी. एड. केलं आणि लग्नानंतर देवणीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. माझे पती विजय इलेक्ट्रिशियन आहेत. त्या काळात ते राजस्थानात सौरऊर्जेच्या एका कामावर होते. घरी मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तीच रीत आहे.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती. गल्लीतल्या बायकांनी विचारणंसुद्धा सोडून दिलं होतं. पाऊस दगा देऊन गेलेल्या त्या वर्षी मला दिवस गेले. फोनवर कळल्यावर विजय सुट्टी मागून थेट घरी आले. माझ्यासाठी त्यांनी एक ओढणी आणली होती आणि आत्यांसाठी पाणी प्यायचं चांदीच्या रंगाचं फुलपात्र. आल्यावर दोन-तीन दिवस त्यांना कणकण होती, डोळे लाल होते. आत्या म्हणाल्या, "रेल्वेत झोप न्हाई झाली, दुसरं काय न्हाई." आम्हालाही ते पटलं. ते बरे झाले आणि कामावर परत गेले.

कोरडा दिवस

आमच्या अंगणात निळं प्लॅस्टिकचं टिपाड आहे. टँकर यायचा तेव्हा गल्लीभर आरडाओरडा व्हायचा आणि आत्या नळी आमच्या टिपाडात पहिल्यांदा कशी पडेल हे बघायच्या. पुढचा टँकर कधी येईल याचा भरवसा नव्हता. त्यामुळे टिपाड कधीच रिकामं व्हायचं नाही. तळाचं पाणी तसंच ठेवून त्यावर नवं पाणी घ्यायचं, ही आत्यांची शिस्त. पाण्यात बारीक किडे वळवळायला लागले की त्या लुगड्याचा पदर धरून पाणी गाळून घ्यायच्या.

आमच्या गल्लीच्या आशा कार्यकर्त्या सुनंदाताई एका सकाळी विजेरी घेऊन आल्या. टिपाडात उजेड पाडून म्हणाल्या, "जयभीम मावशी. हे बगा, डासाच्या अळ्या हायत. आठवड्यातनं एक दिवस कोरडा दिवस पाळायचा. टिपाड सगळं रिकामं करायचं, आतून घासायचं, उन्हात पालथं घालायचं."

"कोरडा दिवस?" आत्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आगं, सातीच्या साती दिवस कोरडेच हायत आमचे. आजून कोणता कोरडा दिवस पाळू?"

"मावशी, पोटुशी सून हाय घरात."

"मनूनच ठिवलंय की पाणी! तिला काय कोरड्या टिपाडात बसवू? हे ओतून दिलं अन् ट्यांकर न्हाई आलं, तर तू आणून देणार हाईस का घागर?"

सुनंदाताई हसल्या. जाताना मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही तरी सांगा." मी सांगितलं. अळीचं जीवनचक्र मी शाळेत फळ्यावर काढते, तेच सांगितलं. आत्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि टिपाडावर एक पत्रा आडवा टाकला. पत्रा तोंडाला अर्धाच पुरत होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वर्गात शिकवता शिकवता माझ्या हातातला खडू पडला. तो उचलायला वाकले आणि सगळी हाडं कोणीतरी पिरगाळतंय असं झालं.

संशयित

दोन दिवस अंगावर काढले, पुढचे दिवस देवणीच्या दवाखान्यातल्या गोळ्यांवर. अंगावर लाल पुरळ आलं, डोळ्यांमागे ठणका बसला. उदगीरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं की डेंग्यू दिसतोय, प्लेटलेट कमी आहेत, आणि तिसरा महिना आहे तेव्हा लातूरला सरकारी दवाखान्यात जा. आत्यांनी पिशवीत कपडे भरले आणि दोन बाटल्या पाणी.

जीपमध्ये मागं बसलेली माणसं उदगीर जिल्हा होणार की नाही यावर तावातावानं बोलत होती. एक जण आत्यांना म्हणाला, "काकू, नवा जिल्हा झाला की असं लातूरला पळायचं काम राहणार न्हाई. सगळं उदगीरलाच."

आत्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्या म्हणाल्या, "जिल्हा येऊ द्या न्हाईतर राहू द्या. आदी नळाला पाणी येऊ द्या मनावं."

लातूरला दाखल करून घेताना एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझी सगळी विचारपूस केली. कधी ताप आला, पुरळ कुठून सुरू झालं, घरात आणखी कोण आजारी होतं. मग विचारलं, "मिस्टर कुठं असतात?"

"राजस्थानात."

"इतक्यात येऊन गेले का? त्यांना ताप होता का?"

मी होय म्हटलं. त्यांचा पेन थांबला. त्या काळात झिका नावाच्या तापाचे रोगी परराज्यात, राजस्थानातही, सापडल्याच्या बातम्या पेपरात येत होत्या. त्या मी वाचल्या होत्या. गरोदर बाईला तो झाला तर बाळाच्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो, डोकं लहान राहू शकतं, तो डासाकडून होतो तसा नवऱ्याकडूनही येऊ शकतो, हेही वाचलं होतं. आपला त्याच्याशी काय संबंध, म्हणून पेपर घडी घालून ठेवून दिला होता.

त्यांनी जास्तीचं रक्त घेतलं, लघवीचा नमुना घेतला आणि नर्सला सांगितलं, "पुण्याला पाठवायचंय. झिका संशयित."

आत्या दारात उभ्या होत्या. तो शब्द त्यांनी ऐकला आणि थेट आत आल्या.

"संशयित कुणाला मनायलाव? पोलिसात लिहितेत तसं? माझी सून मास्तरीण हाय. कुणाचं काय घेतलं तिनं?"

नर्सनं समजावलं की संशय आजाराचा आहे, माणसाचा नाही. आत्या म्हणाल्या, "मग आजाराच्या नावाम्होरं लिवा. तिच्या नावाम्होरं कशाला?" नर्सला हसू आलं, मलाही आलं. त्या दिवसातलं तेवढंच हसू.

संध्याकाळी विजयला फोन केला. डॉक्टरांनी काय विचारलं ते सांगितलं. मग ते म्हणाले, "म्हणजे मी तुला भेटायला आलो ते..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. तिकीट मिळेल त्या गाडीनं निघतो, एवढं बोलून फोन ठेवला.

वॉर्डातलं पाणी

डेंग्यूवर वेगळं औषध नाही. तापाची गोळी, सलाईन, रोज रक्त, आणि भरपूर पाणी प्या, भरपूर पाणी प्या. दुष्काळात हे ऐकताना कसंतरी व्हायचं. त्या वॉर्डात भेटायला येणारे लोक सफरचंद आणायचे नाहीत, पाण्याची बाटली आणायचे. ज्याच्याकडे बाटल्या जास्त जमतील तो शेजारच्या खाटेला द्यायचा. लातूरजवळच्या मुरूडची एक आजी माझ्या शेजारच्या खाटेवर होती. तिचा मुलगा रोज घरच्या बोअरचं पाणी कॅनमध्ये भरून आणायचा आणि तिच्या पेल्यात ओतायच्या आधी माझ्या पेल्यात ओतायचा. "दोन जीव हायत तिकडं," आजी म्हणायची. त्या पाण्याला थोडी खारट चव होती. मला ती अजून आठवते.

सकाळी रक्त घ्यायला येणारी परिचारिका शीर सापडली की "मिळाली गं बाई" असं स्वतःशीच म्हणायची. हात टोचून काळानिळा झाला होता, तरी तिच्या त्या आनंदात मीही थोडी सामील व्हायचे. प्लेटलेट हळूहळू चढल्या. ताप उतरला. खाज सुटली, केस गळले, पण मी उठून बसायला लागले. माझं शरीर बरं होत होतं. म्हणजे आता पोटातल्या जिवाबद्दल घाबरायला शरीर मोकळं झालं होतं.

ओळखणं आणि अडवणं

पुण्याहून पहिला निकाल आला तेव्हा आम्हाला सूक्ष्मजीवशास्त्र विभागात बोलावलं. जोशी मॅडम तिथल्या मोठ्या डॉक्टर. पांढरे झालेले केस, चष्म्याला दोरी आणि बोलणं संथ. त्यांनी आधी आत्यांना बसायला खुर्ची दिली.

"खुद्द विषाणू रक्तात सापडला नाही, लघवीतही नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही आलात तोवर तो निघून गेला असावा. त्यामुळे आता त्याच्या मागे राहिलेल्या खुणा बघाव्या लागतात. त्या खुणा, म्हणजे प्रतिपिंडं, डेंग्यूच्याही दिसतात आणि झिकाच्याही."

मी विज्ञानाची शिक्षिका. वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले होते की प्रतिपिंड म्हणजे किल्ली, ती एकाच कुलपाला लागते. मी म्हणाले, "मॅडम, मग मला दोन्ही झालेत का?"

"असेलही. पण बहुतेक वेळा तसं नसतं. हे दोन विषाणू एकाच भावकीतले आहेत." त्यांनी आत्यांकडे बघितलं. "आजी, तुमच्या भावकीतली माणसं एकमेकांसारखी दिसतात का?"

"दिसतेत की. सगळ्यांचं नाक एकच. आमच्या दिराचं पोरगं लांबून आलं की मला वाटतंय विजयच आला."

"अगदी तसंच. हिच्या रक्तातल्या पहारेकऱ्यानं नाक ओळखलंय. भावकी बरोबर सांगतोय. पण त्यातला नेमका कोण घरात आला होता ते नाकावरून सांगता येत नाही."

"मग कळायचं कसं?"

"पुण्याच्या प्रयोगशाळेत दोन्ही विषाणू जिवंत ठेवलेले असतात. हिचं रक्त त्या दोघांसमोर वेगवेगळं ठेवायचं आणि बघायचं की ते कोणाला अडवतं. ओळखणं वेगळं आणि अडवणं वेगळं. ज्याच्याशी खरोखर झुंज झाली, त्यालाच ते जोरात अडवतं."

आत्या विचार करत होत्या. मग म्हणाल्या, "बरोबर हाय. दारात आल्यावर समदे भाऊच असतेत. बांधावर भांडण निघालं की कळतंय कोण कोण हाय ते."

जोशी मॅडम मोठ्यानं हसल्या. "आजी, हे मी आता माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार."

मग त्या गंभीर झाल्या. मला विचारलं, "पूर्वी कधी डेंग्यू होऊन गेलाय?"

नांदेडच्या वसतिगृहात असताना एकदा निम्म्या मुली तापानं पडल्या होत्या, त्यात मीही होते. कुणाचंच रक्त तपासलं नव्हतं. मी ते सांगितलं.

"तो डेंग्यू असेल तर अडचण आहे," मॅडम म्हणाल्या. "जुनी झुंज आणि नवी झुंज यांची सरमिसळ होते. मग ही तपासणीसुद्धा ठाम सांगू शकणार नाही. काही दिवसांनी दुसरं रक्त घेऊ, पहिलं आणि दुसरं दोन्ही एकदम तपासू. मिस्टरांचंही घेऊ. पण निकाल काय येईल, किंवा येईल का, हे आज मला माहीत नाही."

आयुष्यात मी बरीच शिकलेली माणसं पाहिली आहेत. 'मला माहीत नाही' असं इतक्या सरळ, माझ्या डोळ्यांत बघून सांगणारं माणूस त्या दिवशी पाहिलं. त्यांनी 'सगळं ठीक होईल' असं म्हटलं असतं तर मला रस्ताभर बरं वाटलं असतं. त्या तसं म्हणाल्या नाहीत, म्हणून पुढं त्या जे काही सांगतील त्यावर मी विश्वास ठेवणार होते.

आई आणि आत्या

विजय आले त्याच दिवशी लोह्याहून माझी आईही आली. विजयनं आधी रक्त दिलं, मग वॉर्डात येऊन माझ्या पायाशी बसले. माझ्याकडे बघत नव्हते. आईनं माझे गळलेले केस उशीवरून गोळा केले, मूठभर झाले, ते पिशवीत टाकले आणि मग तिचा बांध फुटला.

"मी काय मनते ते ऐका," ती म्हणाली. "खाली करून टाका. लेकरं मागून होतेत. माझी पोरगी न्हाई मागून होणार."

आत्या ताडकन उठल्या. "आजून रिपोट आला न्हाई अन् तुमी लेकराची वाट लावायलाव?"

"रिपोट येऊन काय सांगणार? जन्मभर अंथरुणात सांभाळायचं लेकरू आलं तर कोण करणार? तुमी का? तुमचा पोरगा तर परमुलखात."

"माझ्या पोरानं आणलं मनता का?"

"मी न्हाई मनत. दाक्तर मनायलेत."

मुरूडची आजी तोंडावर पदर घेऊन पडून राहिली. विजय उठून बाहेर गेले. मला दोघींचाही राग आला आणि दोघींचंही खरं वाटत होतं. आईनं उन्हातान्हात राबून मला शिकवलं होतं. एक जन्म अंथरुणात म्हणजे काय, हे तिनं तिच्या बहिणीच्या घरी पाहिलं होतं. ती दुष्टपणानं बोलत नव्हती. आणि ठरवायचं तर ते गर्भपाताच्या कायदेशीर मुदतीत ठरवायला हवं होतं. डॉक्टरांनी ते आम्हाला समजावून सांगितलं होतं, काय करा ते मात्र सांगितलं नव्हतं. तो निर्णय माझा होता. निकालाच्या आधी मी काहीही ठरवणार नाही, असं मी दोघींना सांगितलं. शाळेत वर्ग शांत करताना जो आवाज लागतो, तोच लागला.

थोड्या वेळानं आत्या पाणी आणायला म्हणून गेल्या. खिडकीतून मला दिसत होतं. विजय खाली पायरीवर बसले होते. आत्या त्यांच्या शेजारी बसल्या. पोराच्या पाठीवर हात ठेवून त्या काहीतरी सांगत होत्या. त्या काय बोलल्या ते मला नंतर विजयनं सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, "तुझा न्हाई रे. माझ्या टिपाडाचा हाय. सुनंदा सांगून गेली व्हती, मीच ऐकलं न्हाई. माझ्या टिपाडाचाच निघणार बग."

वाट बघणं

मला घरी सोडलं. दुसरं रक्त द्यायला आम्ही पुन्हा लातूरला गेलो. बर्फ भरलेल्या डब्यात त्या नळ्या ठेवताना मी पाहिल्या. माझ्या दोन, विजयची एक. मला वाटलं, पोटातल्या जिवासकट आमचं घर त्या डब्यात चाललंय.

त्या दिवसांत मी पोटाला हात लावायचे टाळत होते. नाव ठरवायचं नाही, स्वेटर विणायचा नाही, असं मनाशी पक्कं केलं होतं. विजयनं कामावर सुट्टी वाढवून घेतली. ते घरातल्या सगळ्या खिडक्यांना जाळ्या बसवत होते. खिडक्या संपल्या तेव्हा न्हाणीच्या झरोक्यालाही एक बसवली.

आत्यांचं वेगळंच चाललं होतं. आमच्यात नवस बोलत नाहीत. त्या रोज बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावायच्या, त्रिशरण म्हणायच्या आणि मग उठून अंगणात टिपाडापाशी जाऊन उभ्या राहायच्या. एकदा मी विचारलं, "आत्या, तिथं काय बघता?"

"बगते, किती आळ्या हायत. लई हायत."

"मग ओतून टाका ना आता."

"थांब. रिपोट येऊ दे." मग हळूच म्हणाल्या, "ह्यातलाच असला तर बरं. बाहेरचा नको."

ज्या बाईनं आयुष्यात शेजारणीचा साधा टोमणा ऐकून घेतला नाही, ती स्वतःवर दोष यावा म्हणून मेणबत्ती लावत होती.

पण अळ्यांचं ते टिपाड तसंच ठेवणं काही चालणार नव्हतं. त्या संध्याकाळी विजयनं त्याच्या तोंडावर दुहेरी कापड ताणून सुतळीनं घट्ट बांधलं. सुनंदाताईंनी येऊन पाण्यात औषध टाकलं. आत्या बाजूला उभ्या राहून म्हणाल्या, "सुनंदा, सगळ्या मारू नको गं. साक्षीला दोन तरी राहू दे." सुनंदाताईंनी एकही ठेवली नाही.

निकाल

जोशी मॅडमचा निरोप आला. आम्ही तिघं गेलो. आईला मी फोन करून सांगितलं होतं, ती लोह्याहून बसनं थेट तिथं आली. आत्या आणि आई बाकावर शेजारी बसल्या, मध्ये पिशवी ठेवून.

आत गेल्यावर मॅडमनी वेळ लावला नाही. "डेंग्यू," त्या म्हणाल्या. "हिच्या रक्तानं डेंग्यूला जोरात अडवलं. झिकाला अजिबात अडवलं नाही, पहिल्या रक्तानं नाही आणि दुसऱ्यानंही नाही. सरमिसळीची मला भीती होती, ती झालेली नाही. वसतिगृहातला तो ताप दुसऱ्याच कशाचा तरी असणार. मिस्टरांच्या रक्तात दोन्हींपैकी कशाचीच खूण नाही."

विजयनं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

मी विचारलं, "म्हणजे बाळाला..."

"झिकाचा धोका नाही, असं मी आता म्हणू शकते. बाकी गरोदरपणात जी काळजी घ्यायची ती घ्यायचीच. सोनोग्राफी वेळेवर करा."

मग आत्या पुढं सरकल्या.

"मॅडम, मंजी हे आमच्या घरच्याच डासाचं?"

"घरचा किंवा आसपासचा. साठवलेल्या पाण्यातला."

"टिपाडातला?"

"असं टिपाडाचं नाव घेऊन नाही सांगता येत, आजी. शेजारच्या माठातलाही असेल. शाळेतल्या टाकीतलाही असेल."

"तुमाला येत नसंल. मला येतंय," आत्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि चेहरा असा उजळला होता की मी तो पुन्हा कधी तसा पाहिला नाही. "माझ्याच टिपाडाचा हाय. मीच पाळला न्हाई कोरडा दिवस. माझ्या पोरानं काय न्हाई आणलं. लिवून द्या तसं."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "लिहून देता येत नाही," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही म्हणता तर माझी हरकत नाही."

बाहेर आल्यावर आईनं मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि आत्यांना जवळ सरकायला जागा केली. पिशवीतून पाण्याची बाटली काढली. आधी आत्यांना दिली.

त्या दिवशी घरी पोचताच आत्यांनी लुगडं खोचलं आणि विजयला हाक मारली. दोघांनी मिळून टिपाड आडवं केलं. पाणी अंगणातल्या शेवग्याच्या बुडाशी सोडलं. गल्लीतल्या बायका बघायला जमल्या, दुष्काळात टिपाड ओतायलेत म्हणून. आत्यांनी राखेनं आतून घासलं, हात पुरत नव्हता तिथं आत डोकं घालून घासलं, आणि उन्हात पालथं घातलं. पुढचा टँकर येईपर्यंत आम्ही शेजारच्या दोन घागरींवर दिवस काढले.

सोनोग्राफीत डोकं बरोबर होतं. त्यानंतर मी नाव ठरवायला घेतलं. बाळंतपणानंतर नर्सनं टेपनं मुलीच्या डोक्याचा घेर मोजला तेव्हा आत्यांनी तो आकडा दोनदा विचारून घेतला आणि त्यांना त्यातलं काही कळत नसूनही "लई चांगलं" म्हणाल्या.

वर्गात आता मी कुलूप-किल्लीचं उदाहरण दिल्यावर थांबते. मुलांना सांगते की काही किल्ल्या भावकीतल्या सगळ्या कुलपांत जातात, फिरते मात्र एकातच. मुलं विचारतात, "मग मॅडम, फिरते का न्हाई ते कसं कळणार?" मी त्यांना पुण्याच्या त्या खोल्यांबद्दल सांगते, जिथं माझी ओळख नसलेल्या माणसांनी माझं रक्त दोन विषाणूंपुढं ठेवून धीर धरला. आणि जोशी मॅडमबद्दल सांगते, ज्यांनी माहीत नव्हतं तोवर माहीत नाही म्हटलं.

आमच्या घरी दर गुरुवारी कोरडा दिवस असतो. पाणी असो वा नसो. आत्या टिपाड पालथं घालतात आणि माझी मुलगी त्याच्यावर डफासारखी थाप मारत बसते. जाणाऱ्या-येणाऱ्या बायकांना आत्या थांबवून सांगतात, "आमच्या ह्याच टिपाडातनं ताप निघाला व्हता, माझ्या चुकीनं." एकदा शेजारीण म्हणाली, "आवो, आपली चूक आपणच काय सांगत बसायलाव गावभर?"

आत्यांनी नातीकडं बोट दाखवलं. "माझी चूक होती मनून तर ही बसली हाय वाजवत."